पहिल्या मिनिटावरचा हक्क : संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्राम

संगणकाचे बटण दाबल्यापासून त्यावर प्रत्यक्ष काम करता येईपर्यंत यंत्राच्या आत अनेक टप्पे ठरलेल्या क्रमाने पार पडत असतात, आणि त्यांपैकी कोणत्या टप्प्यात वेळ जातो हे ओळखल्याशिवाय ‘संगणक उशिरा सुरू होतो’ या नेहमीच्या तक्रारीचे निदान होत नाही. पहिला टप्पा फर्मवेअरचा, म्हणजे मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेल्या मूलभूत सॉफ्टवेअरचा असतो. जुन्या यंत्रांत त्याला बायोस आणि नव्या यंत्रांत यूईएफआय म्हणतात. मेमरी, कीबोर्ड, डिस्क इत्यादी भाग जागच्या जागी आहेत की नाहीत हे तपासून ते ऑपरेटिंग सिस्टीम असलेली डिस्क शोधते आणि बूट लोडर नावाच्या छोट्या प्रोग्रामकडे सूत्रे सोपवते. बूट लोडर ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा असलेला कर्नल मेमरीत आणतो, कर्नल निरनिराळी उपकरणे चालवणारे ड्रायव्हर सुरू करतो, त्यानंतर ‘सर्व्हिस’ या नावाने ओळखले जाणारे आणि पडद्यावर न दिसता काम करणारे प्रोग्राम चालू होऊ लागतात आणि मग पासवर्ड विचारणारा पडदा समोर येतो. पासवर्ड दिल्यावर डेस्कटॉप उमटतो, परंतु यंत्राचे काम तिथे संपत नाही. कारण वापरकर्त्याने काहीही न उघडता जे प्रोग्राम स्वतःहून चालू व्हायचे असतात, त्यांची यादी ऑपरेटिंग सिस्टीम याच वेळी हाती घेते.

ही यादी हा प्रस्तुत प्रकरणाचा विषय आहे. आधीच्या टप्प्यांत सामान्य वापरकर्त्याला फारसे काही करता येत नाही आणि करूही नये. ही यादी मात्र त्याच्या अखत्यारीतली आहे. असे असूनही बहुसंख्य संगणकांवर ती वापरकर्त्याने लिहिलेली नसते, तर त्याने वेळोवेळी बसवलेल्या सॉफ्टवेअरने परस्पर लिहिलेली असते. असे का झाले हे समजण्यासाठी यादी लिहिण्याचा अधिकार गेल्या चार दशकांत कोणाकडून कोणाकडे गेला, हे पाहणे आवश्यक आहे.

यादी कोण लिहिते?

आयबीएमच्या पीसीबरोबर 1981 साली आलेल्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आपोआप चालवायच्या आज्ञा ‘ऑटोएक्झेक.बॅट’ नावाच्या साध्या मजकूर फाइलमध्ये लिहिल्या जात. डिस्कवर ही फाइल असली, की संगणक सुरू होताच तिच्यातील आज्ञा एकापाठोपाठ एक पाळल्या जात. 1983 साली डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत तिच्या जोडीला ‘कॉन्फिग.सिस’ ही फाइल आली आणि ड्रायव्हरांची नावे तीत लिहिली जाऊ लागली. दोन्ही फाइली कोणालाही उघडून वाचता येत, आणि ऑटोएक्झेकमधली एखादी आज्ञा नको असल्यास तिच्या आधी ‘रेम’ एवढे लिहिले की ती केवळ टिप्पणी ठरून वगळली जाई. डॉस एका वेळी एकच प्रोग्राम चालवत असे, तरीही काम संपल्यावर मेमरीत तळ ठोकून राहणाऱ्या प्रोग्रामांची एक जात त्या काळातच निर्माण झाली होती. त्यांना ‘टीएसआर’ म्हणत. बोरलँड कंपनीने 1984 साली बाजारात आणलेला ‘साइडकिक’ हा त्यांतला सर्वांत गाजलेला प्रोग्राम, आणि ठराविक कळा एकत्र दाबल्या की तो चालू कामावरच गणकयंत्र, दिनदर्शिका किंवा टिपणवही उघडून देत असे. डॉसच्या प्रोग्रामांना वापरता येणारी मेमरी 640 किलोबाइटपुरती मर्यादित असल्यामुळे अशा प्रत्येक रहिवाशाची किंमत तत्काळ कळे. मेमरी अपुरी पडली की मुख्य प्रोग्राम उघडायलाच नकार देई आणि वापरकर्ता नाइलाजाने यादीकडे वळे.

विंडोज 3.1 मध्ये, म्हणजे 1992 साली, ‘स्टार्टअप’ नावाचा गट आला आणि त्यात ज्या प्रोग्रामचे चित्र ठेवावे तो विंडोजबरोबर सुरू होऊ लागला. याशिवाय ‘विन.आयएनआय’ या फाइलमधील ‘लोड’ आणि ‘रन’ या दोन ओळींतूनही तेच साधता येत असे. इथपर्यंत यादी वाचण्याजोगी होती. ऑगस्ट 1995 मध्ये विंडोज 95 आले आणि रजिस्ट्री हे ऑपरेटिंग सिस्टीमच्या व सॉफ्टवेअरच्या सर्व सेटिंग्जचे मध्यवर्ती भांडार बनले. तिच्यातील ‘रन’ नावाच्या कप्प्यात एखाद्या प्रोग्रामचे नाव आणि त्याची डिस्कवरील जागा यांची एक नोंद केली, की तो प्रत्येक वेळी आपोआप चालू होतो. रजिस्ट्री साध्या मजकूर फाइलसारखी वाचता येत नाही, ती उघडण्यासाठी वेगळे साधन लागते आणि तिच्यात चुकीचा बदल झाल्यास संगणक सुरूच न होण्याचा धोका असतो. त्यामुळे सामान्य वापरकर्ता तिच्यापासून दूर राहिला. सॉफ्टवेअर बसवणाऱ्या इन्स्टॉलर प्रोग्रामला मात्र तिथे नोंद करणे अत्यंत सोपे होते. यादी वाचणारा आणि यादी लिहिणारा यांची फारकत झाली ती इथे.

प्रत्येक निर्मात्याला आपला प्रोग्राम आधीपासून तयार असावा असे वाटण्यामागे त्याच्या दृष्टीने सबळ कारणे असतात. आधीच मेमरीत असलेला प्रोग्राम चटकन उघडतो आणि म्हणून वेगवान भासतो. नवी आवृत्ती आली आहे का हे तपासणारा सहायक प्रोग्राम सतत जागा राहिला तर सुरक्षेतील त्रुटी लवकर बुजवता येतात. संदेशवहनाचा प्रोग्राम चालू नसेल तर संदेश वेळेवर पोहोचत नाही. आणि घड्याळाजवळचे छोटे चित्र वापरकर्त्याला त्या उत्पादनाची रोज आठवण करून देते. यांतले एकेक कारण स्वतंत्रपणे पाहिले तर रास्त वाटते, परंतु पंधरा-वीस निर्माते हाच विचार करतात तेव्हा त्या सर्वांचा भार एकाच यंत्रावर आणि एकाच मिनिटात येऊन पडतो.

हा असमतोल दूर करण्याचे प्रयत्नही टप्प्याटप्प्याने झाले. विंडोज 98 मध्ये ‘एमएसकॉन्फिग’ हे साधन आले आणि विखुरलेल्या नोंदी एका खिडकीत खुणेच्या चौकटींसह दिसू लागल्या. पुढे विंडोज एक्सपीमध्येही ते कायम राहिले. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्जवेल यांच्या सिसइंटर्नल्सने ‘ऑटोरन्स’ हा मोफत प्रोग्राम उपलब्ध करून दिला आणि प्रोग्राम आपोआप सुरू होण्याच्या जवळजवळ सर्व ज्ञात जागा त्यात एकत्र पाहता येऊ लागल्या. 2006 साली मायक्रोसॉफ्टने सिसइंटर्नल्स विकत घेतल्यानंतरही तो मोफतच राहिला. 2012 मधील विंडोज 8 ने ही यादी टास्क मॅनेजरमध्ये आणली आणि 2018 मध्ये विंडोज 10 च्या एका सुधारित आवृत्तीने ती ‘सेटिंग्ज’मध्येही ठेवली, म्हणजे ती पुन्हा सामान्य वापरकर्त्याच्या नजरेच्या टप्प्यात आली.

उशीर का होतो?

आपोआप सुरू होणारा एकेक प्रोग्राम पाहिला तर त्याचे काम क्षुल्लक असते, मग सगळे मिळून यंत्र अडवून कसे धरतात, या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः डिस्कच्या रचनेत आहे. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर हवी ती माहिती वाचण्यासाठी वाचक टोकाला आधी योग्य वर्तुळापर्यंत सरकावे लागते आणि मग तबकडीचा योग्य भाग टोकाखाली येईपर्यंत थांबावे लागते. मिनिटाला 7200 फेऱ्या घेणारी तबकडी एका फेरीला सुमारे 8.3 मिलिसेकंद घेते, म्हणजे केवळ फिरण्यासाठी सरासरी 4 मिलिसेकंदांहून थोडे अधिक थांबणे अपरिहार्य असते. सरकण्याचा वेळ त्यात मिळवला की अशी डिस्क विखुरलेल्या ठिकाणांहून सेकंदाला साधारण शंभरच्या आसपास वाचने करू शकते. एकच मोठी फाइल सलग वाचताना ही अडचण जाणवत नाही, परंतु दहा-बारा प्रोग्राम एकाच वेळी आपापल्या शेकडो छोट्या फाइली मागू लागले की टोकाचा बहुतेक वेळ इकडून तिकडे सरकण्यात जातो आणि प्रत्येकाचे काम रेंगाळते. चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या एसएसडी या प्रकारच्या डिस्कमध्ये फिरणारा भागच नसल्याने हा विलंब जवळजवळ नाहीसा होतो, आणि म्हणूनच जुन्या संगणकात हार्ड डिस्क बदलून एसएसडी बसवली की तो सुरू होण्याच्या वेळेत डोळ्यांना दिसणारा फरक पडतो.

एसएसडी असली तरी प्रश्न पूर्णपणे सुटत नाही, कारण दुसरा भार मेमरीवर पडतो. सुरू झालेले बहुतेक प्रोग्राम दिवसभर चालूच राहतात, आणि 4 गिगाबाइट मेमरीच्या संगणकात ऑपरेटिंग सिस्टीम आणि हे प्रोग्राम मिळून निम्म्याहून अधिक जागा सहज व्यापतात. मेमरी अपुरी पडू लागली की ऑपरेटिंग सिस्टीम तिच्यातील काही भाग डिस्कवरील ‘पेज फाइल’मध्ये हलवते व गरज पडेल तेव्हा परत आणते, ही ने-आण वाढली की केवळ सुरुवात नव्हे, तर नंतरचे सगळेच काम संथ होते. तिसरा भार इंटरनेट जोडणीवर पडतो, कारण यांतले कित्येक प्रोग्राम जागे होताच आपापल्या सर्व्हरशी संपर्क साधतात.

नोंदी कुठे असतात?

विंडोजमध्ये आपोआप सुरू होण्याच्या मुख्य जागा चार आहेत. पहिली जागा म्हणजे स्टार्टअप फोल्डर. तो दोन प्रकारचा असतो, एक त्या वापरकर्त्यापुरता आणि दुसरा संगणकावरील सर्वांसाठी. विंडोजची कळ आणि ‘आर’ एकत्र दाबून उघडणाऱ्या चौकटीत ‘शेल:स्टार्टअप’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत दिली की पहिला फोल्डर समोर येतो, आणि त्यातील शॉर्टकट काढला की तो प्रोग्राम आपोआप सुरू होणे थांबते. दुसरी जागा रजिस्ट्रीतील ‘रन’चे कप्पे, इथेही वापरकर्त्याचा वेगळा आणि संपूर्ण यंत्राचा वेगळा अशी विभागणी असते. तिसरी जागा टास्क शेड्युलर, म्हणजे ठरलेल्या वेळी किंवा ठरलेली घटना घडल्यावर काम सुरू करणारी व्यवस्था. ‘वापरकर्त्याने लॉग-इन केल्यावर’ ही त्यातली एक घटना असल्याने नवी आवृत्ती तपासणारे कित्येक प्रोग्राम इथे नोंद करतात आणि म्हणूनच टास्क मॅनेजरच्या यादीत दिसत नाहीत. चौथी जागा सर्व्हिसची. सर्व्हिस आपोआप, मागणी झाल्यावर किंवा अजिबात नाही अशा पद्धतींनी सुरू करता येते, आणि विंडोज व्हिस्टापासून ‘आपोआप, पण विलंबाने’ हा पर्यायही उपलब्ध आहे. त्यात तातडीची नसलेली सर्व्हिस सुरुवातीची गर्दी ओसरल्यावर चालू होते.

यादी वाचणे आणि थांबवणे

विंडोज 10 किंवा 11 मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील स्टार्टअपच्या विभागात प्रत्येक प्रोग्रामचे नाव, प्रकाशक, तो चालू आहे की थांबवलेला आणि ‘स्टार्टअप इम्पॅक्ट’, म्हणजे सुरुवातीवर होणारा परिणाम, असे रकाने दिसतात. हा परिणाम मोजून ठरवलेला असतो : सुरुवातीच्या काळात एका सेकंदाहून अधिक प्रोसेसर-वेळ किंवा 3 मेगाबाइटहून अधिक डिस्क-वाचन-लेखन करणारा प्रोग्राम ‘हाय’ गणला जातो, 300 मिलिसेकंदांहून कमी वेळ आणि 300 किलोबाइटहून कमी वाचन-लेखन करणारा ‘लो’ ठरतो आणि मधले सगळे ‘मीडियम’ समजले जातात. याच विभागात बहुतेक नव्या यंत्रांवर ‘लास्ट बायोस टाइम’ असाही आकडा दिसतो. फर्मवेअरने पहिल्या टप्प्यात किती सेकंद घेतले ते त्यातून कळते, आणि तो आकडाच मोठा असेल तर यादी कितीही छाटली तरी तेवढा वेळ वाचणार नाही हेही स्पष्ट होते.

नको असलेल्या प्रोग्रामवर उजवे क्लिक करून ‘डिसेबल’ निवडले की पुढच्या वेळेपासून तो आपोआप सुरू होत नाही. या कृतीने प्रोग्राम काढून टाकला जात नाही. तो संगणकावर तसाच राहतो आणि गरज पडेल तेव्हा नेहमीप्रमाणे उघडता येतो. त्याची मूळ नोंदही पुसली जात नाही, कारण ती थांबवल्याची खूण विंडोज रजिस्ट्रीत दुसऱ्या ठिकाणी ठेवते. या रचनेचे दोन फायदे आहेत : निर्णय चुकला असे वाटल्यास ‘एनेबल’ निवडून पूर्वस्थिती आणता येते, आणि एखाद्या प्रोग्रामने उघडल्यावर आपली नोंद त्याच नावाने पुन्हा लिहिली तरी थांबवल्याची खूण टिकून राहते. याउलट रजिस्ट्रीतील नोंदच खोडली तर तोच प्रोग्राम ती पुढच्या वेळी नव्याने लिहू शकतो आणि वापरकर्त्याला आपला बदल का टिकत नाही हे उमगत नाही. शक्य असेल तिथे सर्वांत आधी त्या प्रोग्रामच्याच सेटिंगमध्ये जाऊन ‘विंडोजबरोबर सुरू करा’ अशा अर्थाचा पर्याय बंद करावा, कारण मग नोंद लिहिणारा स्वतःच ती लिहिणे थांबवतो.

केलेल्या बदलाचा परिणाम तपासताना संगणक ‘शट डाउन’ करून पुन्हा सुरू करण्याऐवजी ‘रीस्टार्ट’ करावा. विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आहे. ती चालू असताना शट डाउन केल्यावर कर्नलची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलली जाते, तर रीस्टार्टमध्ये सगळे मुळापासून सुरू होते. त्याचप्रमाणे यादीत नसलेला प्रोग्रामही कधी कधी उघडलेला दिसतो, कारण बंद करण्यापूर्वी उघडे असलेले प्रोग्राम पुढच्या लॉग-इनला परत उघडण्याचा पर्याय विंडोजच्या ‘साइन-इन ऑप्शन्स’मध्ये असतो, आणि तो चालू असेल तर स्टार्टअपची यादी छाटून हा प्रकार थांबत नाही.

काय ठेवावे, काय थांबवावे?

निर्णयासाठी एक प्रश्न पुरतो : हा प्रोग्राम वापरकर्त्याने उघडण्याआधीच चालू असण्याची गरज आहे का? संगीत ऐकवणारे, खेळांची दुकाने चालवणारे आणि बैठकींसाठी अधूनमधून लागणारे प्रोग्राम या कसोटीवर टिकत नाहीत, कारण ते लागतील तेव्हा उघडता येतात. विषाणूरोधक प्रोग्राम आणि विंडोजच्या सुरक्षेची सूचना देणारा घटक मात्र ठेवावा, कारण ते वापरकर्त्याने उघडेपर्यंत थांबले तर त्यांचा हेतूच संपतो. लॅपटॉपच्या टचपॅडचा किंवा ध्वनीचा सहायक प्रोग्राम थांबवल्यास मूळ काम चालू राहिले तरी बोटांच्या खुणांसारख्या काही सोयी बंद पडू शकतात. फाइलींची प्रत इंटरनेटवर ठेवणाऱ्या प्रोग्रामबाबत निर्णय सवयीवर अवलंबून असतो. तो थांबवला तर यादी हलकी होते, परंतु प्रत तयार होणेही थांबते, आणि हे लक्षात न राहिल्यास डिस्क बिघडेल त्या दिवशी नुकसान कळते.

मराठी वापरकर्त्यांच्या संगणकांवर या यादीत आणखी काही नावे आढळतात. सी-डॅकचे आयएसएम किंवा पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कीबोर्डवरील प्रत्येक कळ देवनागरी अक्षरात बदलणारा प्रोग्राम पार्श्वभूमीत चालू असावा लागतो. तो थांबवला तर टंकलेखन करताना पडद्यावर केवळ रोमन अक्षरे उमटतात आणि फाँट बिघडला असा गैरसमज होतो. विंडोजचा स्वतःचा मराठी कीबोर्ड वापरणाऱ्यांना असा वेगळा प्रोग्राम लागत नाही, आणि 2019 पासून विंडोज 10 मध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्डही अंगभूत आहे. ई-निविदा किंवा करविवरणपत्रे भरणाऱ्या कार्यालयांत डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनबरोबर येणारा सहायक प्रोग्रामही यादीत असतो. त्याचे काम काय ते ठाऊक नसताना तो थांबवला, तर अंतिम मुदतीच्या दिवशी स्वाक्षरी न दिसण्याचा प्रसंग ओढवू शकतो. अनोळखी नाव दिसताच ते थांबवण्यापेक्षा त्याचा प्रकाशक आणि डिस्कवरील जागा पाहून ते कोणत्या सॉफ्टवेअरचे आहे हे आधी निश्चित करणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

सर्व्हिसबाबत अधिक सावधगिरी लागते, कारण त्या एकमेकींवर अवलंबून असतात आणि एक थांबवल्याने नेटवर्क किंवा छपाईसारखे दुसरेच काम अडू शकते. एमएसकॉन्फिगमध्ये मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिस लपवण्याचा पर्याय आहे. तो निवडून उरलेल्या, म्हणजे बाहेरच्या निर्मात्यांच्या, सर्व्हिस तात्पुरत्या थांबवणे आणि स्टार्टअपचे प्रोग्रामही बंद करणे याला ‘क्लीन बूट’ म्हणतात. त्या स्थितीत अडचण नाहीशी झाली, तर एकेक गट पुन्हा चालू करत दोषी शोधता येतो. ही निदानाची पद्धत आहे, कायम ठेवण्याची व्यवस्था नव्हे.

घुसखोरांची आवडती जागा

संगणक बंद करून सुरू केल्यावरही टिकून राहणे ही दुष्ट प्रोग्रामांची पहिली गरज असते आणि त्यासाठी ते याच जागांचा आश्रय घेतात. मे 2000 मध्ये ई-मेलमधून जगभर पसरलेल्या ‘आयलव्हयू’ वर्मने रजिस्ट्रीच्या रन कप्प्यात ‘एमएसकर्नल32’ या नावाने नोंद केली होती, आणि ऑगस्ट 2003 मधील ‘ब्लास्टर’ने आपल्या नोंदीला ‘विंडोज ऑटो अपडेट’ असे नाव दिले होते. दोन्ही नावे जाणीवपूर्वक विंडोजच्या घटकांसारखी ठेवलेली होती, म्हणजे यादी पाहणारा ती वाचून पुढे जाईल. यावरून नाव हा पुरावा होत नाही, हे लक्षात येते. प्रकाशकाचा रकाना रिकामा असणे, फाइल तात्पुरत्या फोल्डरमध्ये असणे किंवा तिच्यावर डिजिटल स्वाक्षरी नसणे या खुणा संशयास अधिक पात्र असतात. अशी नोंद केवळ थांबवून भागत नाही, तर विषाणूरोधक प्रोग्रामने संपूर्ण तपासणी करावी लागते, कारण एक जागा बंद झाली तरी घुसखोराने दुसरी जागा राखून ठेवलेली असू शकते.

इतर ऑपरेटिंग सिस्टीममध्ये

हाच प्रश्न मॅक आणि लिनक्समध्ये वेगळ्या रीतीने हाताळला जातो. अ‍ॅपलने 2005 साली ‘लाँचडी’ ही व्यवस्था आणली आणि पार्श्वभूमीतील प्रोग्राम सुरू करण्याचे काम तिच्याकडे सोपवले. 2022 मधील मॅकओएस व्हेंचुरापासून एखाद्या प्रोग्रामने अशी नोंद केली की वापरकर्त्याला सूचना मिळते आणि ‘लॉगिन आयटम्स’मध्ये तो प्रोग्राम बंद करता येतो. लिनक्सच्या बहुतेक प्रचलित आवृत्तींत 2010 साली सुरू झालेली ‘सिस्टमडी’ ही व्यवस्था वापरली जाते आणि तिच्यातील ‘सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ ब्लेम’ ही आज्ञा कोणत्या घटकाने सुरू होताना किती वेळ घेतला याची उतरत्या क्रमाने यादी देते. विंडोज 11 मध्येही नवा प्रोग्राम यादीत शिरल्यावर सूचना देण्याची सोय आहे.

नोंद झाल्यावर कळवणे हा नोंदीआधी परवानगी मागण्यापेक्षा दुबळा उपाय आहे, कारण सूचनांच्या गर्दीत ती एक सूचना सहज नजरेआड होते. सॉफ्टवेअर बसवताना ‘विंडोजबरोबर सुरू करा’ या चौकटीत आधीच खूण करून ठेवण्याची प्रथा जोवर चालू आहे, तोवर नवा प्रोग्राम बसवला त्याच दिवशी स्टार्टअपची यादी एकदा उघडून पाहणे हाच व्यवहार्य मार्ग राहतो. त्या दिवशी नवे नाव कोणाचे आणि कशासाठी आहे हे वापरकर्त्याला ठाऊक असते. वर्षभराने तेच नाव इतर वीस नावांमध्ये मिसळलेले असते, आणि ते थांबवावे की ठेवावे हे ठरवण्यासाठी लागणारी माहिती तोपर्यंत त्याच्यापाशी उरलेली नसते.